लॅपटॉप ‘लिनक्स सर्टिफाइड’, तरी झोप, कॅमेरा, वाय-फाय बिघडतंच: कुठून तपासायचं?

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. कंपनीच्या यादीत मॉडेलच्या नावापुढे लिनक्सची खूण होती, म्हणून मुद्दाम तोच लॅपटॉप घेतला. आवडीची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार आवृत्ती, टाकली. पहिले दोन दिवस छान गेले. मग कळलं की रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी रिकाम्या बॅटरीने हातात येतो, मीटिंगमध्ये कॅमेरा दिसतच नाही आणि बोटाचा ठसा घेणारं बटण नुसतं शोभेपुरतं आहे. कुठूनतरी उचललेल्या चार कमांड चालवून त्यातलं एखादं दुखणं जातं आणि कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पुढच्या अपडेटला परत येतं.

प्रत्येक दुखण्याचा उपाय वेगळा आहे, ते पुढे बघूच. पण ती परत परत का येतात, याचं कारण बहुतेकदा एकच असतं. कंपनी पाठिंबा मॉडेलच्या नावाला देत नाही, एका जुळणीला देते. अमुक मॉडेल, त्यात अमुक वाय-फाय कार्ड, अमुक कॅमेरा, त्यावर उबुंटूची किंवा रेड हॅटची अमुक आवृत्ती, तिचा अमुक कर्नल आणि अमुक बायोस (यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर). यातलं काहीही एक बदललं की यादीवरची खूण तुमच्या यंत्राबद्दल फारसं काही सांगत नाही. तेव्हा कमांड शोधत बसण्याआधी आपण त्या जुळणीतून कुठे निसटलो ते शोधा.

यंत्र खरंच तेच आहे का?

डेलने २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट स्पुटनिक’मधून एक्सपीएस १३ ची डेव्हलपर एडिशन आणली, तेव्हापासूनच हा गोंधळ आहे. बाहेरून यंत्र तेच, नाव तेच, आतले भाग मात्र थोडे वेगळे. एक्सपीएस १३ च्या ९३५० या मॉडेलचं उदाहरण बोलकं आहे: विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं वाय-फाय कार्ड असायचं, उबुंटूवाल्यात इंटेलचं. विंडोजवाला घेऊन त्यावर उबुंटू टाकणाऱ्याला वाय-फायचा त्रास झाला तर तो मुळात तपासलेलं यंत्र वापरतच नव्हता.

उबुंटूच्या सर्टिफिकेशन यादीत प्रत्येक मॉडेलच्या पानावर तपासलेल्या यंत्रातल्या भागांची नावं असतात. ती उघडून ठेवा आणि आपल्या यंत्रावर ‘एलएसपीसीआय’ व ‘एलएसयूएसबी’ या भागांची यादी देणाऱ्या कमांड चालवून एकेक भाग ताडून पाहा. विशेषतः वाय-फाय, ग्राफिक्स, कॅमेरा आणि ठशाचा सेन्सर. नाव सारखं दिसलं तरी व्हेंडर आणि डिव्हाइसचा आकडा जुळायला हवा. हा आकडा ‘एलएसयूएसबी’ आपणहून दाखवतं, ‘एलएसपीसीआय’ला मात्र दोनदा ‘एन’चा पर्याय द्यावा लागतो.

त्याच पानावर आणखी एक ओळ शोधा. काही मॉडेलं उबुंटूच्या नेहमीच्या इमेजवर (इन्स्टॉल करायच्या तयार संचावर) तपासलेली असतात, काही मात्र फक्त कंपनीने घालून दिलेल्या इमेजवर. दुसऱ्या प्रकारात नेहमीची इमेज नीट चालेलच असं नाही, हे यादीच सांगते. लोक ही ओळ वाचत नाहीत आणि मग महिनाभर वाय-फायशी झटतात.

‘सर्टिफाइड’ आणि ‘प्रीलोडेड’ हेही एक नव्हेत. लेनोव्होने २०२० मध्ये थिंकपॅड पी मालिका आणि थिंकस्टेशन यांचं रेड हॅट व उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट्स मिळणारी आवृत्ती) यांसाठी सर्टिफिकेशन जाहीर केलं आणि त्याच वर्षी एक्स१ कार्बनच्या आठव्या पिढीवर फेडोरा ही डिस्ट्रो घालून द्यायला सुरुवात केली. पहिल्यात कंपनी म्हणते की या हार्डवेअरवर ही आवृत्ती चालते. दुसऱ्यात ती स्वतःच सिस्टिम घालून देते, म्हणजे ते चालवून दाखवण्याची जबाबदारीही तिच्याकडे येते.

कर्नल कोणता चालू आहे?

उबुंटूवर सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथे. सर्टिफाइड यंत्रांसाठी उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल ‘ओईएम’ (म्हणजे यंत्र बनवणारी कंपनी) नावाची वेगळी कर्नल शाखा ठेवते. २२.०४ मध्ये सर्वसाधारण कर्नल ५.१५ होता, तर ओईएम शाखा ५.१७ पासून सुरू होऊन ६.० आणि ६.१ वरून ६.५ पर्यंत गेली. नव्या लॅपटॉपचे ड्रायव्हर आधी या शाखेत येतात. तुम्ही स्वतः सिस्टिम टाकली आणि ५.१५ वरच राहिलात, तर कंपनीने तपासलेला कर्नल तुमच्याकडे कधी आलाच नाही.

कर्नलबरोबर मॉडेलनुसार मेटापॅकेजही असतं, म्हणजे लागणारी बाकीची पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज. त्यांच्या नावांत डेलसाठी ‘सॉमरव्हिल’, लेनोव्होसाठी ‘सटन’ आणि एचपीसाठी ‘स्टेला’ ही प्रकल्पनावं दिसतील. त्यापुढे यंत्राचं टोपणनाव असतं. डेलच्या एका पॅकेजात चक्क ‘बल्बासॉर’ आहे, त्यामुळे पॅकेजांच्या यादीत पोकेमॉन दिसला तर दचकू नका. आपल्या यंत्रासाठी असं पॅकेज आहे का, हे ‘उबुंटू-ड्रायव्हर्स’ या कमांडला ‘लिस्ट-ओईएम’ जोडून विचारा. नाव आलं तर ते इन्स्टॉल करा, यंत्र रीस्टार्ट करा आणि ‘यूनेम’ला ‘आर’चा पर्याय देऊन कर्नलच्या नावात ‘ओईएम’ आहे का ते बघा.

२०.०४ च्या काळापासून उबुंटूचा इन्स्टॉलर हे पॅकेज स्वतः शोधून टाकतो, पण त्या वेळी इंटरनेट जोडलेलं असावं लागतं. नव्या लॅपटॉपवर इन्स्टॉलरला वाय-फाय कार्डच ओळखता आलं नाही, तर तो ही पायरी गाळून पुढे जातो आणि तुम्हाला कळतही नाही. फोन यूएसबीने जोडून त्यावरून इंटरनेट द्या, काम होतं. उबुंटूवर आधारलेल्या इतर डिस्ट्रोंमध्ये ही सोय असेलच असं नाही. ‘उबुंटूवर चालतं म्हणजे मिंटवर चालणारच’ या भरवशावर मी तरी पैसे लावणार नाही.

फेडोरावर प्रकरण सोपं आहे. लेनोव्होच्या फेडोरा यंत्रांवर फेडोराच्या अधिकृत रेपॉझिटरीबाहेरचं (पॅकेजांच्या साठ्याबाहेरचं) काही घातलेलं नसतं, ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच पाठवले जातात. त्यामुळे तिथे वेगळं पॅकेज शोधायचं नाही, सिस्टिम अद्ययावत ठेवायची.

बायोस

जुना बायोस हे न दिसणारं कारण. विंडोज काढून टाकलं की बायोस अपडेट आपोआप येणं थांबतं आणि वर्षभर कोणी त्याच्याकडे बघत नाही. डेल, लेनोव्हो, एचपी या तिघांचीही फर्मवेअर, म्हणजे बायोससारखी हार्डवेअरमधली सॉफ्टवेअर, एलव्हीएफएस या सेवेवर येतात आणि ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या साधनातून बसवता येतात. ग्नोम किंवा केडीईच्या सॉफ्टवेअर अ‍ॅपमध्येही ती दिसतात. सगळी मॉडेलं तिथे असतातच असं मात्र नाही.

अपडेट उतरतं, यंत्र रीस्टार्ट होतं आणि बायोस जुनाच राहतो, असं झालं तर चार्जर जोडलेला आहे का ते आधी बघा. मग बायोसमध्ये जा. डेलवर ‘यूईएफआय कॅप्सूल फर्मवेअर अपडेट्स’ हा पर्याय चालू हवा. थिंकपॅडवर याच पर्यायाचं नाव ‘विंडोज यूईएफआय फर्मवेअर अपडेट’ असं आहे, त्यामुळे ‘मला विंडोज नकोच’ म्हणून लोक तो हौसेने बंद करतात आणि लिनक्सची अपडेट्सही अडवून बसतात.

बायोसमध्ये गेलाच आहात तर आणखी दोन गोष्टी बघा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नसेल तर स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असेल, ते ‘एएचसीआय’ करा. विंडोजही ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की लिहून घ्या आणि हा बदल विंडोज सेफ मोडमध्ये उघडण्याची तयारी करून मगच करा, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. लिनक्सचा पेनड्राइव्हच बूट होत नसेल, तर २०२२ पासूनच्या, विंडोजसह आलेल्या काही थिंकपॅडमध्ये मायक्रोसॉफ्टचं तिसऱ्या पक्षासाठीचं यूईएफआय प्रमाणपत्र मुळातच बंद असतं. सिक्युअर बूटच्या (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीच्या) पानावर ते चालू करा. त्यासाठी सिक्युअर बूट सरसकट बंद करायची गरज नाही.

झाकण मिटलं तरी बॅटरी संपते

सगळ्यात जास्त छळणारी तक्रार हीच. पूर्वी लॅपटॉप ‘एस३’ पद्धतीने झोपायचा: फर्मवेअर जवळजवळ सगळ्याचा वीजपुरवठा तोडायचं आणि फक्त रॅम जिवंत ठेवायचं. विंडोजने ‘मॉडर्न स्टँडबाय’ आणल्यावर कंपन्यांनी एस३ हळूहळू काढून टाकलं. आता बहुतेक नव्या यंत्रांत ‘एस२आयडल’ आहे. त्यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं, फक्त प्रत्येक भागाने आपापल्या सर्वांत कमी विजेच्या अवस्थेत जायचं असतं. वाड्यातले सगळे झोपले तरच दिवा मालवायचा असा नियम असावा आणि एकच जण जागा राहावा, तसं होतं. एक एसएसडी किंवा एक यूएसबी उपकरण जागं राहिलं की प्रोसेसर खोल झोपेत जात नाही आणि बॅटरी रात्रभर झिरपत राहते.

आपल्या यंत्रात कोणती पद्धत आहे हे ‘सिस’खालच्या ‘पॉवर’ फोल्डरमधली ‘मेम-स्लीप’ फाइल सांगते. चालू पद्धत चौकटी कंसात असते. तिथे ‘डीप’ दिसलं तर एस३ उपलब्ध आहे. नुसतं ‘एस२आयडल’ दिसलं तर फर्मवेअरने एस३ देऊ केलेलं नाही आणि कर्नलला ‘डीप’ वापरायला सांगणाऱ्या त्या प्रसिद्ध ओळीचा काही उपयोग होणार नाही. काही थिंकपॅडमध्ये, २०१८ च्या एक्स१ कार्बनपासून, बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’ असा पर्याय मिळाला. त्यात ‘लिनक्स’ निवडलं की एस३ परत येतं. तुमच्या यंत्रात असा अधिकृत पर्याय असेल तर जरूर वापरा. नसेल तर एसीपीआयच्या तक्त्यांत (फर्मवेअर सिस्टिमला वीज आणि झोपेची माहिती देतं त्यांत) फेरफार करून एस३ ओढून आणण्याच्या पाककृती टाळा. कंपनीने न तपासलेल्या एस३ मधून यंत्र झोपतं, पण उठेलच याची हमी नाही.

मग एस२आयडलवर खरंच खोल झोप लागते का ते मोजा. कर्नल ६.४ पासून यासाठी सोपी सोय आहे. ‘पॉवर’ फोल्डरमध्येच ‘सस्पेंड-स्टॅट्स’ आहे, त्यात ‘लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप’ ही फाइल. ती शेवटच्या झोपेत हार्डवेअर किती वेळ खोल अवस्थेत होतं ते मायक्रोसेकंदांत सांगते. यूएसबीला जोडलेलं सगळं काढा, डॉकही काढा, चार्जर काढा, पंधरा-वीस मिनिटं यंत्र झोपवा, मग ही फाइल वाचा.

आकडा झोपेच्या वेळेच्या जवळपास असेल तर यंत्र नीट झोपतंय. तरीही बॅटरी जात असेल तर ते मधेच जागं होत असावं, ‘जर्नलसीटीएल’मध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) सस्पेंड आणि रेझ्युमच्या, म्हणजे झोपण्या-उठण्याच्या, वेळा बघा. टचपॅड किंवा यूएसबी वायरलेस माउसचा रिसीव्हर यंत्र उठवतो, असं बऱ्याचदा निघतं. त्या उपकरणाचं ‘वेकअप’ बंद केलं की प्रश्न संपतो.

आकडा शून्य असेल तर कोणीतरी जागं आहे. इंटेल आणि एएमडी दोघांनीही यासाठी तपासणीची साधनं मोफत दिली आहेत. एएमडीचं एस२आयडल तपासणारं साधन मला जास्त आवडतं, कारण ते कोणत्या भागामुळे अडलं हे बऱ्यापैकी सरळ भाषेत सांगतं. अनेकदा उत्तर बायोस अपडेटमध्येच असतं, म्हणून तो भाग वर आधी घेतला. एसएसडी तुम्ही नंतर स्वतः बदललेली असेल तर संशयितांत तिला पहिलं धरा. जुळणी तिथेच बदलली.

‘झोपेनंतर काही वेळाने हायबरनेट’, म्हणजे रॅममधलं डिस्कवर ठेवून यंत्र बंद करणं, ही पळवाट बरी वाटते, पण सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू आणि फेडोराचा कर्नल हायबरनेट करू देत नाही. मेनूत पर्याय का दिसत नाही, याचं उत्तर बहुधा हेच.

वाय-फाय आणि आवाज

ही दोन्ही दुखणी बहुतेक वेळा वयाची असतात: यंत्र नवं, सिस्टिम जुनी. मीडियाटेकचं एमटी७९२५ कार्ड कर्नल ६.७ पासून ओळखलं जातं. डेबियन १२ चा मूळ कर्नल ६.१, म्हणजे तिथे ते दिसणारच नाही, बॅकपोर्ट्समधून (जुन्या आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांतून) नवा कर्नल आणि फर्मवेअर घ्यावं लागेल. आवाजाच्या जागी ‘डमी आउटपुट’ दिसत असेल आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर ‘साउंड ओपन फर्मवेअर’चं पॅकेज आहे का बघा. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) फर्मवेअरची फाइल सापडली नाही अशी ओळ शोधली की बहुतेक वेळा पाच मिनिटांत निकाल लागतो.

कॅमेरा

इथे मात्र कंपन्यांनी गिऱ्हाइकाची खरोखर फरफट केली. पूर्वी लॅपटॉपचा कॅमेरा आतून यूएसबीच असायचा आणि एका सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालायचा. २०२२ च्या आसपास अनेक महागड्या लॅपटॉपमध्ये, एक्सपीएस १३ प्लस त्यातलाच, कॅमेऱ्याचा सेन्सर थेट इंटेलच्या आयपीयू६ या प्रतिमा-प्रक्रिया भागाला जोडला गेला. त्याचा ड्रायव्हर तेव्हा मूळ कर्नलमध्ये नव्हता. उबुंटूच्या ओईएम पॅकेजांनी बाहेरचा ड्रायव्हर आणि एक आभासी कॅमेरा जोडून काम भागवलं. म्हणून घालून दिलेल्या इमेजवर कॅमेरा चालतो आणि तुमच्या स्वच्छ इन्स्टॉलवर चालत नाही.

खूण अशी: ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘व्हिडिओ’ नावाच्या डझनावारी फाइली दिसतात आणि तरी एकाही अ‍ॅपला कॅमेरा सापडत नाही. उबुंटूवर असाल तर वर सांगितलेलं ओईएम पॅकेज घ्या. इतर डिस्ट्रोंवर किमान कर्नल ६.१० लागेल, कारण आयपीयू६ चा पहिला भाग त्यात आला. सोबत कॅमेऱ्याचं चित्र अ‍ॅपपर्यंत पोचवणारं नवं ‘लिबकॅमेरा’ आणि पाइपवायर हवं. तरीही चित्र थोडं फिकट येईल आणि प्रोसेसर जास्त राबेल, कारण हार्डवेअरचं काम सॉफ्टवेअर करतं. बाहेरून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या व्यवस्थेने) बसवलेला ड्रायव्हर हे दर कर्नल अपडेटला कॅमेरा जाण्याचं ठरलेलं कारण आहे. तो ठेवायचाच असेल तर अपडेटनंतर तो बांधला गेला का, हे बघायची सवय लावा. अजून खरेदी व्हायची असेल तर तपशिलात कॅमेऱ्यापुढे ‘एमआयपीआय’ (सेन्सर असा थेट जोडण्याची पद्धत) लिहिलं आहे का ते वाचा. काही मॉडेलांत यूएसबी कॅमेऱ्याचा पर्याय मिळतो, तो घ्या.

बोटाचा ठसा

सेन्सरचा आकडा ‘लिबएफप्रिंट’च्या (लिनक्सच्या ठसा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) यादीत असेल तर तो चालतो. नसेल तर कंपनीने बंद ड्रायव्हर दिला आहे का एवढाच प्रश्न उरतो. डेलने एक्सपीएस १३ च्या ९३०० मधल्या गुडिक्स सेन्सरसाठी तसा दिला होता, पण उबुंटूच्या ‘लिबएफप्रिंट’मध्ये केलेल्या खास जोडणीसाठी. दुसऱ्या डिस्ट्रोवर तो तसाच उचलून चालत नाही. सेन्सर ओळखला जातो पण ठसा नोंदवताना अडतो, असं असेल तर विंडोजने नोंदवलेले जुने ठसे चिपमध्येच राहिले असतील. थिंकपॅडच्या बायोसमध्ये ते पुसण्याची सोय असते.

अपग्रेडनंतर सगळं परत पहिल्यासारखं

उबुंटू एका एलटीएसवरून दुसऱ्यावर नेताना बाहेरच्या रेपॉझिटरी बंद केल्या जातात आणि कंपनीचं ओईएम आर्काइव्हही त्यात जातं. अपग्रेड करण्याआधी नव्या आवृत्तीसाठी तुमचं मॉडेल यादीत आहे का ते बघा. नसेल तर थांबण्यात शहाणपण आहे, एलटीएसला पाच वर्षं सुरक्षा अपडेट्स मिळतातच. अपग्रेड झाल्यावर ‘लिस्ट-ओईएम’ पुन्हा चालवा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हरचं सही केलेलं मॉड्यूल नव्या कर्नल शाखेचंच आहे याची खात्री करा. साधा कर्नल सोडून ओईएम कर्नल घेताना हेच मॉड्यूल मागे राहतं आणि स्क्रीन काळी पडते.

कंपनीकडे जाताना

‘लिनक्सवर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरून ‘विंडोज टाकून बघा’ हेच उत्तर येणार. त्याला तोड म्हणजे फर्मवेअरमधली निदान चाचणी. डेलवर सुरू होताना एफ१२, एचपीवर एफ२ दाबून ती चालवता येते, तिला कुठलीच सिस्टिम लागत नाही. चाचणीत दोष दिसला तर तो हार्डवेअरचा, वॉरंटीत बदलून मागा. तिथे लिनक्सचा विषयच येत नाही.

चाचणी साफ आली तर कंपनीची मूळ इमेज रिकव्हरीतून किंवा उतरवून दुसऱ्या एसएसडीवर टाका आणि तोच बिघाड तिथे दाखवा. बिघाड तिथेही आला की चेंडू त्यांच्याकडे. उबुंटू प्रीलोडेड यंत्रात ‘व्हार-लिब’ फोल्डरमध्ये ‘उबुंटू-डिस्ट-चॅनल’ नावाची फाइल असते, तिच्यात कोणती इमेज घातली होती ते लिहिलेलं असतं. तक्रारीत ती ओळ, बायोसची आवृत्ती, कर्नल, बिघडलेल्या भागाचा आकडा आणि झोपेची तक्रार असेल तर ‘लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप’चा आकडा द्या. सिस्टिम स्वतः टाकण्याआधी ती फाइल आणि मूळ इमेज दोन्ही बाजूला काढून ठेवा, नंतर मिळवताना घाम फुटतो.